सातव्या वर्षाची पेरणी

अमेरिकेतील सरकारी शाळांत प्रार्थना होत नाही, बायबलचे पठण होत नाही, धर्म तेथे वर्गाच्या उंबरठ्याबाहेर ठेवला जातो, असे आपल्याकडील विचारवंत गेली कित्येक दशके सांगत आले आहेत. ते सांगतात ते खोटे नव्हे. १९६२ आणि १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने लागोपाठ निकाल देऊन सरकारी शाळेने चालविलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले, आणि ती स्थिती मूलतः आजही कायम आहे. परंतु हे चित्र अर्धे आहे. त्याच देशात, त्याच गावात, सरकारी शाळेपासून दोन रस्ते ओलांडले की चर्चच्या आवारात आणखी एक शाळा भरते. तेथे दिवसाचा आरंभच प्रार्थनेने होतो, धर्म हा वेळापत्रकातील पहिला तास असतो, आणि तो शिकविल्याबद्दल कोणी कोणाची क्षमा मागत नाही. उरलेले अर्धे चित्र आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. ते पाहण्यासाठी फार मोठ्या संस्थेकडे जाण्याचे कारण नाही. मिझुरी सिनड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ल्यूथरन मंडळीच्या एखाद्या साध्या शाळेतील दुसरीचा वर्ग पुरेसा आहे.

दुसरीच का, असा प्रश्न येईल. कारण या वर्गात समारंभ नाही. रोमन कॅथलिक मुलाच्या आयुष्यात दुसरीचे वर्ष मोठ्या गाजावाजाचे असते; साधारण याच वयात त्याला प्रथम प्रभुभोजन मिळते, पांढरे कपडे शिवले जातात, आप्तेष्ट जमतात. ल्यूथरन परंपरेत दृढीकरणाचा विधी सामान्यतः आठवीच्या सुमारास, तेरा-चौदाव्या वर्षी होतो. म्हणजे सात वर्षांच्या ल्यूथरन मुलासमोर ना विधी, ना परीक्षा, ना कौतुकाचा सोहळा. जे शिकविले जाते ते दाखविण्यासाठी नाही, आत मुरण्यासाठी आहे. एखाद्या समाजाला आपल्या मुलांकडून खरोखर काय हवे आहे, हे समारंभाच्या वर्षी कळत नाही. अशा बिनबोभाट वर्षी कळते.

आता हे मूल शिकते काय? प्रथम लौकिक विद्या पाहू. हजारापर्यंतच्या संख्या, हातच्यांची बेरीज आणि वजाबाकी, पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने घड्याळ वाचणे, नाणी ओळखणे. (दहा सेंटचे नाणे पाच सेंटच्या नाण्याहून आकाराने लहान असते, आणि त्यामुळे प्रत्येक पिढीतील अमेरिकन मूल काही काळ गोंधळते.) पाढे मात्र नाहीत. आपल्या घरची आजी ऐकेल तर कपाळाला हात लावील. तेथे खरे पाढे तिसरीत सुरू होतात, दुसरीत केवळ समान गट करून मोजण्याची तयारी असते. आठवड्याची शब्दांची यादी आणि शुक्रवारी तिची परीक्षा, चित्रांच्या पुस्तकाकडून प्रकरणांच्या पुस्तकाकडे नेणारे वाचन, वनस्पती आणि परागीभवन, घन आणि द्रव, आपला परिसर आणि त्याचा नकाशा. थोडक्यात, शेजारच्या सरकारी शाळेत जे असते तेच. पालकांना ल्यूथरन शाळा मागासलेली वाटली असती तर ती कधीच बंद पडली असती, हे चालविणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

वेगळेपण पहिल्या तासात आहे. बायबलमधील कथा क्रमाने सांगितल्या जातात: नोहाचे तारू, योसेफाचा रंगीत अंगरखा, मोशे आणि लाल समुद्र, दावीद आणि गल्याथ, सिंहांच्या गुहेतील दानीएल, मग येशूचा जन्म, चांगला शोमरोनी, उधळ्या पुत्र, वधस्तंभ आणि पुनरुत्थान. आठवड्यातून एकदा, पुष्कळ ठिकाणी बुधवारी, सारी शाळा चर्चमध्ये उपासनेसाठी बसते आणि मुले घरून आणलेली नाणी कोणत्या तरी सेवाकार्यासाठी अर्पण करतात. चर्चवर्षातील ऋतू मुलाला वेदीवरच्या वस्त्राच्या रंगावरून ओळखता येतात: उपवासकाळाचा जांभळा, नाताळ आणि ईस्टरचा पांढरा, उन्हाळ्यापासून लांबत जाणारा हिरवा. ३१ ऑक्टोबरला बाहेरचे जग भुताखेतांचे मुखवटे चढविते तेव्हा या मुलांना सांगितले जाते की १५१७ साली याच दिवशी मार्टिन ल्यूथरने विटेनबर्ग येथे आपले ९५ मुद्दे मांडले. नाताळच्या कार्यक्रमात लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा मुलांनी तोंडपाठ म्हणावयाची, हा तर जणू कुळाचारच.

आणि पाठांतर. दर आठवड्याला ठरलेले वचन किंवा ल्यूथरच्या लघु प्रश्नोत्तरीतील ठरलेला भाग मुलाने घरी पाठ करावयाचा आणि शाळेत म्हणून दाखवावयाचा. ‘कॅटेकिझम’ या नावाने परिचित असलेले हे छोटे पुस्तक १५२९ सालचे आहे. त्याची जन्मकथा आपल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. १५२८ च्या सुमारास ल्यूथर आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतील खेडोपाडी पाहणीसाठी फिरले. धर्मसुधारणेच्या घोषणा होऊन दहा वर्षे लोटली होती, वादविवादांचे ग्रंथ छापून झाले होते. आणि खेड्यातील माणसाला दहा आज्ञाही धड म्हणता येत नव्हत्या. लोकांचे सोडा, कित्येक पाळकांनाही शिकविण्याची पात्रता नव्हती. ल्यूथर चिडला, व्यथित झाला. पण त्याने आणखी एक वादग्रंथ लिहिला नाही. त्याने भिंतीवर लावण्याचे तक्ते छापले. घराच्या भिंतीवर लावता येतील असे ते कागद, आणि त्यांचे मथळे सांगतात की ही शिकवण कुटुंबप्रमुखाने आपल्या घरातील माणसांना सोप्या रीतीने द्यावी. पाळकाने नव्हे, शिक्षकाने नव्हे, बापाने. पुढे त्या तक्त्यांचेच पुस्तक झाले. दहा आज्ञा, श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन हे त्याचे सहा भाग, आणि शेवटी सकाळ-संध्याकाळच्या व जेवणाच्या प्रार्थना. ज्या घरात दिवेलागणीला शुभंकरोती आणि परवचा होत असे, जेवणापूर्वी श्लोक म्हटला जात असे, त्या घराला या रचनेतील शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही.

या पुस्तकाची एक खुबी आहे. प्रत्येक वचनानंतर त्याचा अर्थ विचारणारा एक छोटा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तरही मुलाने पाठ करावयाचे असते. म्हणजे केवळ वचन नव्हे, वचनाचा अर्थही कंठस्थ. आणि अर्थ सांगताना ल्यूथर नकारावर थांबत नाही. हत्या करू नये याचा अर्थ त्याच्या दृष्टीने शेजाऱ्याच्या शारीरिक अडचणीत धावून जावे असा होतो. चोरी करू नये याचा अर्थ शेजाऱ्याची मालमत्ता आणि उपजीविका राखण्यास साह्य करावे असा होतो. खोटी साक्ष देऊ नये या आज्ञेचा अर्थ तर तो असा लावतो की शेजाऱ्याचा बचाव करावा, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या कृतीचा शक्य तेवढा चांगला अर्थ घ्यावा. सात वर्षांच्या मुलाला शेजारी म्हणजे कोण? बाकावर बाजूला बसणारा. मधल्या सुट्टीत चेंडूवरून झालेल्या भांडणात या आठव्या आज्ञेचा उपयोग किती असेल हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. अनेक ल्यूथरन शाळांत मुलाने क्षमा मागितली की दुसऱ्याने ‘ठीक आहे, काही झाले नाही’ असे म्हणावयाचे नसते. काहीतरी झाले आहे हे मान्य करून ‘मी तुला क्षमा करतो’ असे म्हणावयाचे असते. अपराध नाकारला जात नाही, तो माफ केला जातो. त्यांचे सारे धर्मशास्त्र या एका सवयीत उतरलेले आहे, आणि ते दुसरीतल्या मुलाला व्याख्यान न देता मिळते.

आपल्याकडे गेली काही दशके पाठांतराची यथेच्छ टिंगल झाली. घोकंपट्टी, पोपटपंची अशी विशेषणे लावून शिक्षणतज्ज्ञांनी मनाचे श्लोक, सुभाषिते, पाढे सारेच बासनात बांधले, आणि त्या जागी समज येईल अशी आशा दाखविली. समज किती आली हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. ल्यूथरन शाळेने ही निवड कधी केलीच नाही. सातव्या वर्षी पाठ केलेले वाक्य सत्तराव्या वर्षी आठवते, आणि समजण्याचे काम मधल्या त्रेसष्ट वर्षांत होत राहते, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

हा हिशेब फुकट जमलेला नाही. या मंडळीचे मूळ पुरुष १८३८ च्या अखेरीस सॅक्सनी सोडून पाच जहाजांतून अमेरिकेस निघाले. त्यांपैकी एक जहाज, ‘अमालिया’, समुद्रात नाहीसे झाले. उरलेले लोक मिझुरीतील पेरी परगण्यात पोहोचले. राहावयास धड घरे नाहीत, रोगराईने माणसे मरत आहेत, नेत्यावरचा विश्वास उडालेला, अशा स्थितीत १८३९ साली त्यांनी आल्टेनबर्ग येथे लाकडी ओंडक्यांची एक खोली उभारली आणि शाळा सुरू केली. ती झोपडी आजही जतन केलेली आहे. १८४७ साली शिकागोत सिनडची स्थापना झाली तेव्हा सदस्यत्वाच्या अटींत मंडळीतील मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाची तरतूद ही एक अट होती. शिक्षक घडविण्यासाठी स्वतःची महाविद्यालये, पुस्तकांसाठी १८६९ पासून सेंट लुईस येथे स्वतःचे प्रकाशनगृह. खर्च लोकांनी दानपेटीतून आणि शुल्कातून उचलला. हाच शिक्षक रविवारी ऑर्गन वाजवी, गायनवृंद बसवी. सरकारी शाळेसाठी कर भरून वर ही शाळा चालविणे म्हणजे दुहेरी ओझे. ते त्यांनी शेतकरी असताना वाहिले.

त्याची खरी कसोटी पहिल्या महायुद्धानंतर लागली. जर्मनीविरुद्धच्या युद्धज्वरात अमेरिकेतील अनेक राज्यांनी शाळांतून परकीय भाषा हद्दपार केल्या. नेब्रास्काने १९१९ साली कायदा करून आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलाला इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा शिकविणे हा गुन्हा ठरविला. मे १९२० मध्ये हॅम्प्टन या खेड्यातील झायन ल्यूथरन शाळेत रॉबर्ट मायर हे शिक्षक दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलमधील कथा जर्मनमधून वाचावयास शिकवीत होते. त्यांच्यावर खटला झाला, पंचवीस डॉलर दंड झाला. रक्कम मोठी नव्हती. दंड भरून मोकळे होणे सोपे होते. मायर यांनी तो स्वीकारला नाही. जी मुले घरी आईबापांशी आणि चर्चमध्ये देवाशी जर्मनमधून बोलतात त्यांना त्या भाषेतून धर्म शिकविणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. ४ जून १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरविला आणि मुलाला काय शिकवावे हे ठरविण्याचा पालकांचा, आणि ते शिकविण्याचा शिक्षकाचा अधिकार मान्य केला. आज अमेरिकेत पालकांच्या अधिकारावर कोणताही मोठा खटला उभा राहिला की या एका ग्रामीण मास्तराचे नाव घेतले जाते.

या कथेला एक कडू शेपूट आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. मायर खटला जिंकले; जर्मन भाषा हरली. पुढच्या दोन पिढ्यांत त्या शाळा इंग्रजी झाल्या. आजच्या दुसरीतील मूल प्रश्नोत्तरी इंग्रजीतून पाठ करते, आणि त्याच्या पणजोबांच्या भाषेतील एखादे नाताळगीत वर्षातून एकदा शोभेसाठी गाते. धर्म भाषेवाचून टिकला, हे खरे. पण भाषेवाचून काय गेले याचा ताळेबंद त्या मंडळीनेही कधी नीट मांडल्याचे दिसत नाही. शिकागो आणि न्यू जर्सीत रविवारी सकाळी मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्या बांधवांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

येथवर कौतुक पुष्कळ झाले. आता ज्या गोष्टी आपल्याला पटणाऱ्या नाहीत त्यांकडे वळू. ही मंडळी बायबलच्या अक्षराला चिकटून राहणारी आहे. सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली असे ती मानते, आणि उत्क्रांतिवाद नाकारते. दुसरीत बी रुजताना पाहणाऱ्या मुलाला याचा त्रास होत नाही. पुढे जीवशास्त्राचे पुस्तक हातात येते तेव्हा होतो. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. कथामालिकेत मोशेनंतर सोन्याच्या वासराची कथा येतेच. मोशे पर्वतावर गेलेला असताना लोकांनी अहरोनाकडून सोन्याचे वासरू घडवून घेतले, त्याची पूजा केली आणि देवाचा कोप ओढवून घेतला. शिक्षिकेच्या मनात या कथेचा रोख पैसा, खेळणी, दूरचित्रवाणी अशा आधुनिक दैवतांकडे असतो. कित्येकदा ती तसे सांगतेही. पण ऐकणाऱ्या मुलाच्या घरी देव्हाऱ्यात पितळेचा बाळकृष्ण असेल तर त्याच्या मनात कोणते चित्र उमटेल?

हा कल्पनेतला प्रश्न नाही. अमेरिकेच्या उपनगरांत स्थायिक झालेली अनेक हिंदू कुटुंबे चर्चच्या शाळांत मुले घालतात. वर्ग लहान, शिस्त चांगली, शिक्षिका प्रेमळ, शाळा घराजवळ. कारणे सारी योग्यच आहेत. ल्यूथरन शाळांनाही आज आपल्या मंडळीबाहेरची मुले हवी आहेत. या व्यवहारात शाळेने कोणाला फसविले असे म्हणता येणार नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. प्रवेशपत्रिकेत, माहितीपुस्तिकेत, भिंतीवरील फलकावर या शाळा आपण काय मानतो आणि काय शिकवितो हे स्वच्छ लिहितात. २०१२ साली तर मिशिगनमधील रेडफर्ड येथील ल्यूथरन शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मान्य केले की मंडळीने विधिपूर्वक बोलावून नेमलेली शिक्षिका ही धर्मसेवकच आहे. तिचे धार्मिक काम दिवसाकाठी अवघे पंचेचाळीस मिनिटे होते, बाकी वेळ ती गणित आणि भाषाच शिकवीत होती. तरी हा प्रश्न घड्याळ लावून सुटणारा नाही असे न्यायमूर्तींनी म्हटले. म्हणजे वर्गात उभी असलेली गणिताची बाई ही त्यांच्या लेखी उपदेशिका आहे, आणि ही गोष्ट त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर उघडपणे सांगितली आहे. सही करताना ती आपण वाचली नसेल तर दोष कोणाचा?

मुळात त्या शाळेचे सारे गणित घरावर आधारलेले आहे. शाळा पंचेचाळीस मिनिटे देते, उरलेले घर देईल असे ती गृहीत धरते. ल्यूथरन बाप मुलाकडून आज्ञा म्हणवून घेईल, आई जेवणापूर्वी प्रार्थना करील, रविवारी सारे कुटुंब चर्चमध्ये दिसेल. हे गृहीत हिंदू घराला लागू पडत नाही. तेथे मुलाला पंचेचाळीस मिनिटे मिळतात आणि उरलेल्या वेळी काहीच मिळत नाही. पोकळी असेल तेथे जे पहिल्याने येते ते बसते. ‘सोन्याचे वासरू आणि आपला गणपती यांत फरक काय?’ असे मुलाने जेवताना विचारले तर उत्तर तयार हवे. ते कठीणही नाही. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते आणि दहा दिवसांनी तिचे विसर्जन होते. आपण मातीलाच देव मानत असतो तर ती पाण्यात सोडून मोकळ्या हातांनी परत आलो नसतो. सात वर्षांच्या मुलाला हे पूर्ण समजते. पण ते कोणीतरी सांगावे लागते, आणि मूल विचारील त्या संध्याकाळीच सांगावे लागते. ‘सर्व देव एकच, जा अभ्यास कर’ हे उत्तर नव्हे. ती सुटका आहे. जाता जाता एक गोष्ट त्या मुलाच्या शिक्षिकेलाही आठवावी अशी: १५२२ साली विटेनबर्गमध्ये उत्साही सुधारकांनी चर्चमधील मूर्ती आणि चित्रे हटविण्याचा धडाका लावला तेव्हा तो थांबविण्यासाठी वार्टबर्गच्या किल्ल्यातून धावत आला तो ल्यूथरच होता. म्हणूनच आजही ल्यूथरन वेदीवर क्रूसावरील येशूची मूर्ती दिसते. इतर कित्येक प्रॉटेस्टंट पंथांना ती चालत नाही.

घर भक्कम असेल तर काय होते याचे उदाहरण शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याची गरज नाही. भारतात ल्यूथरन मंडळी १७०६ साली आली, ती तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे. महाराष्ट्रात नाव झालेल्या मिशनरी शाळा बहुतेक इतर पंथांच्या, त्यामुळे ल्यूथरन हे नाव आपल्याकडे फारसे रुळले नाही. पण एका मराठी राजाचे बालपण मात्र ल्यूथरन गुरूच्या छायेत गेले. तंजावरच्या तुळजाजीराजे भोसले यांनी १७८७ साली दत्तक घेतलेला दहा वर्षांचा सरफोजी, राजाच्या मृत्यूनंतर वारसाच्या तंट्यात सापडला. त्याचा सांभाळ आणि शिक्षण ज्याच्याकडे आले तो ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा तरंगंबाडीहून आलेला जर्मन ल्यूथरन मिशनरी होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मुलाला इंग्रजी शिकविले, पाश्चात्त्य विद्यांची गोडी लावली. १७९८ साली गुरू वारला आणि त्याच वर्षी शिष्य गादीवर आला. सरफोजीराजांनी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. गुरूच्या मृत्युशय्येशेजारी उभा असलेला राजा त्यात दिसतो. कृतज्ञतेत कसूर नाही. आणि त्याच राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेकुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ पोथ्यांचा अपूर्व संग्रह केला, स्वतः मराठीत नाटके रचली, काशीयात्रा केली. शिक्षक ल्यूथरन होता. राजा हिंदूच राहिला, आणि दोघांच्या स्नेहात त्यामुळे बाधा आली नाही. सरफोजीच्या मागे वाडा होता, देवघर होते, मराठी बोलणारी माणसे होती. सारा प्रश्न त्या मागे उभ्या असण्याचा आहे.

आणि हा प्रश्न आज ल्यूथरनांनाही सुटलेला नाही. १९७० च्या सुमारास मिझुरी सिनडची सदस्यसंख्या २८ लाखांच्या घरात होती. ती आता १८ लाखांच्याही खाली आली आहे. प्राथमिक शाळा आठशेच्या आसपास उरल्या आहेत, आणि दरवर्षी काही बंद पडतात. ज्या चालतात त्यांतील अनेकांत ल्यूथरन घरची मुले निम्म्याहूनही कमी. म्हणजे वर्गात प्रश्नोत्तरी पाठ होते, पण जिच्या भरवशावर ती लिहिली गेली ती चौकट, म्हणजे ते घर, वर्गातील अर्ध्या मुलांच्या मागे नसते. घराने करावयाचे काम आता शाळेवर येऊन पडले आहे. ल्यूथरन शिक्षणाविषयी आस्था असणारे त्यांचे स्वतःचे लोक याच चिंतेत आहेत, आणि ती चिंता आपल्याहून फार निराळी नाही.

शाळांना तारणारा नवा ओघ येतो आहे तो सरकारी पैशाचा. पालकाला शुल्कासाठी सरकारने रक्कम द्यावी आणि त्याने ती हव्या त्या शाळेत, चर्चच्या शाळेतही, भरावी अशी योजना मिलवॉकी शहरात १९९० साली सुरू झाली. धार्मिक शाळांना तिची दारे १९९८ साली उघडली, आणि २००२ साली अशाच क्लीव्हलँडच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. ॲरिझोनाने २०२२ मध्ये, आयोवा आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याचे कायदे केले. पूर्वी शुल्क परवडत नाही म्हणून जे भारतीय कुटुंब चर्चच्या शाळेपासून दूर राही, त्यालाही आता तिचा दरवाजा उघडा आहे. दुसरीच्या त्या वर्गात आपली मुले यापुढे वाढतील, कमी होणार नाहीत. मिलवॉकी ज्या विस्कॉन्सिन राज्यात आहे तेथील कायद्यात यासाठी एक कलम आहे: या योजनेतून आलेल्या मुलाच्या पालकाने विनंती केल्यास त्या मुलावर धार्मिक कार्यक्रमात भाग घेण्याची सक्ती शाळेला करता येत नाही. विनंती मात्र लेखी असावी लागते, आणि ती शाळेकडे पालकानेच द्यावी लागते.